शेखलालचा तिरपा दात

दात

वरच्या ओळीतले पुढचे दोन दात. डावा सरळ. उजवा त्याच्यापेक्षा थोडा आखूड आणि खालच्या कडेला तिरपा कापल्यासारखा. लहानपणी घोडनदीच्या पात्रात खडकावर तोंडघशी पडला तेव्हापासून तसा. शिरूरच्या पेठेत शेखलाल नावाची आणखी माणसं होती.

"कोंचा शेखलाल?"

"तिरप्या. क्लॅरोनेटवाला."

हसताना तो उजवा हात तोंडावर धरायचा. हात मोकळा नसला तर हसायचा नाही.

लालमहंमदचाचांच्या बँडात तो पहिला क्लॅरोनेटवाला होता. पहिला म्हणजे चाल उचलणारा. बाकीची पितळी वाद्यं त्याच्या मागून. पण त्याचं नाव झालं होतं ते शिवेवरच्या सुरामुळे. नवरदेवाचं वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की नवरीकडचा बँड त्याला सामोरा जाई. दोन्ही बँड समोरासमोर थांबत. ढोल गप्प, झांजा गप्प. मग दोन्हीकडचे क्लॅरोनेटवाले एकच सूर धरत आणि धरून ठेवत. ज्याचा आधी तुटेल त्याचा बँड मागं. दुसऱ्याचा पुढं. गावात शिरायचं ते त्या क्रमानं, आणि मांडवात जेवणावळ उठेपर्यंत बोलणं चाले ते त्याच्यावर.

शेखलाल मागं चालताना कुणी पाहिला नव्हता.

क्लॅरोनेट वाजवताना खालचा ओठ पत्तीखाली येतो आणि वरचे पुढचे दोन दात माऊथपीसच्या पाठीवर टेकतात. माऊथपीस म्हणजे तोंडात धरायचा काळा तुकडा, पत्ती म्हणजे त्याला खालून बांधलेली वेताची पातळ चीप. सगळा भार त्या दोन दातांवर. ते हलले तर सूर हलतो.

ठणका

हा दौंडला सुरू झाला. रेल्वेतल्या कुणा साहेबाच्या निरोपाला बँड बोलावला होता. वाजवता वाजवता उजव्या दाताच्या मुळाशी ठिणगी पडल्यासारखं झालं आणि सकाळपर्यंत गाल कानाला भिडला.

दौंडला त्याचा मेहुणा होता, इलाही. अमीरबीचा धाकटा भाऊ. इंजिनावर कोळसा टाकायच्या कामाला.

"उपटून टाका की, दाजी. एका दाताचं काय एवढं."

"आन् क्लॅरोनेट कशावर टेकू? तुज्या फावड्यावर?"

"मग चला. टेसनाजवळ एक पुन्याचा डाक्टर येतो. आठवड्यातनं एकदा. आमच्या फोरमनचा दात वाचवला त्यानं."

डॉक्टर होनप औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसत. खोलीत एक उंच खुर्ची, खिडकी, आणि पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र. दोरी, चाक, खाली पायटा.

"शिलाई मशीनच की," इलाही म्हणाला.

"तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त इथं कापड ओरडतं."

ते पन्नाशीचे होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आरसा तोंडात घालून बराच वेळ पाहिलं.

"काढायची गरज नाही. मुळातली नस सडलीय, ती काढतो. मूळ साफ करून बुजवून टाकतो. दात जागेवर राहील."

"दुखंल?"

"आत्ता दुखतंय त्यापेक्षा कमी."

ते खरं निघालं.

कापूस

लवंगेच्या तेलाचा वास. बारीक सुया. दाताच्या मागच्या बाजूनं भोक, त्यात औषधाचा कापूस, भोकावर पांढरं लुकण. पुढच्या खेपेला तो काढायचा, पुन्हा सुया, पुन्हा कापूस. मालगाडी यार्डात डबे जोडायला लागली की खोली हादरे. मग डॉक्टर पायट्यावरचा पाय उचलत आणि हादरा संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत. शेखलाल तोंड उघडून तसाच.

शेवटच्या खेपेला मूळ बुजवलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "आता दुखणार नाही. पण दुखत नाही म्हणजे काम झालं असं समजू नका. दात आतून पोकळ केलाय, नसही गेली. वाळल्या फांदीसारखा समजा. वर टोपी बसवायची राहिलीय. महिन्याभरात या, माप घेऊ. तोपर्यंत त्या दातानं काही चावायचं नाही. वाजवायचं असेल तर जपून."

शेखलालनं मान हलवली.

महिना गेला. लग्नसराई सुरू झाली. सूर पहिल्यासारखा, ठणका नाही. अमीरबी दर आठवड्याला विचारी.

"दौंडाला कवा जायचं?"

"दुखत न्हाई."

"डाक्टरनं बोलावलंय न्हवं?"

"दुखत नसताना डाक्टरकडं कोन जातं? काय सांगायचं त्याला? बरं हाय, म्हनून आलो?"

"तसं सांगा."

"एस. टी.त न्हावऱ्यापासनं जे हादरे बसत्यात, त्यानंच दुखायला लागंल."

अमीरबी उठून चुलीकडं गेली. दुसऱ्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं.

ऊस

राहू गावी गुऱ्हाळवाल्या तात्याबाच्या पुतण्याचं लग्न होतं. वाजवून झालं, जेवणं झाली, आणि तात्याबा बँडवाल्यांना गुऱ्हाळावर घेऊन गेला. काहिलीत रस उकळत होता. चरख्याजवळ ऊस रचलेला. तात्याबानं त्यातला एक निवडून गुडघ्यावर मोडला आणि चांगला तुकडा शेखलालला दिला.

"कोयता देऊ का सोलाय?"

"कोयता कशाला. दात हायेत."

सगळे हसले, तो हसला, हात तोंडावर नेऊन. मग उसाची साल पुढच्या दातात धरली आणि ओढली, लहानपणापासून ओढत आला तशी.

कट.

दुखलं नाही. म्हणून कळायला वेळ लागला. त्याला वाटलं साल तुटली. तो चावत राहिला, रस गिळला, चोथा थुंकला, दुसरा घास घेतला. जीभ वर गेली तेव्हा तिथं काही नव्हतं. हिरडीला लागून एक धारदार कड होती.

त्यानं चोथा थुंकला होता ती जागा म्हणजे चोथ्याचा ढीगच होता. पांढरा. दाताचा तुकडाही पांढरा. शेखलाल, तात्याबा आणि झांजवाला भिमाजी गुडघ्यावर बसून हातानं चिवडत राहिले.

"गावंना," भिमाजी म्हणाला.

"काहिलीत तर न्हाई उडला?" तात्याबानं वाकून पाहिलं. "गुळात गेला आसंल तर ज्याच्या वाट्याला येईल त्यो क्लॅरोनेट वाजवाय लागंल, बघ."

या वेळी शेखलाल हसला नाही. दोन्ही हात मोकळे होते.

रिकामी जागा

वारा जातो.

तोंडात धरला की माऊथपीस डाव्या दातावर टेके आणि उजवीकडं कलंडे. ओठ आवळला तर कोपऱ्यातून वारा सुटे. वर फडकं गुंडाळून पाहिलं. दातांवरून वरचा ओठ दुमडून पाहिलं, सनईवाले धरतात तसं. एक चाल निघे, दुसरीला ओठ थरथरे, तिसरीला रक्त.

लालमहंमदचाचांनी ऐकलं. ते बँडाचे मालक आणि थोरले, मोठा कर्णा स्वतः वाजवत. ते रागावले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. पेटीतून खुळखुळ्यांची जोडी काढून त्याच्यापुढं ठेवली.

"ह्ये वाजव तवर."

"चाचा."

"तवर म्हनलं. याला दात लागत न्हाईत."

बँडातल्या सगळ्यांना माहीत होतं की खुळखुळा म्हणजे म्हाताऱ्यांचं वाद्य. दम संपला, ओठ लोंबले, की माणूस खुळखुळ्यावर जातो. तिथून परत कुणी आलेलं नव्हतं.

"हौशीरामच्या पोरीचं लगीन हाय," चाचा म्हणाले. "म्हैन्यावर. त्यानं आपल्याला सांगितलं ते शिवेसाठी. नवरदेव नगराकडचा. त्यांच्या बँडात क्लॅरोनेटवाला हाय त्यो पलटनीतनं सुटून आलाय. छाती आशी हाय म्हनं. तू न्हाईस तर मच्छिंद्रला हुबं करतो, पन मच्छिंद्र—"

मच्छिंद्र तिथंच बसला होता. तो दुसरा क्लॅरोनेटवाला. त्याला वाईट वाटलं नाही. "माजा सूर शिवेपातुर पुरत न्हाई," तो म्हणाला. "शिव वलांडायच्या आधीच मी जग वलांडीन."

त्याच्या क्लॅरोनेटला तडा गेला होता, म्हणून चाचांनी शेखलालचं त्याला वाजवायला दिलं. दोन लग्नांनंतर त्यानं ते परत आणलं. माऊथपीसच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता.

"ह्यो कशाला?"

"तुमच्या दातांचं खड्डं पडल्यात त्याच्यावर. माजं दात त्यात बसंनात. सारकं घसरत्यात. दुसऱ्याच्या वहानंत पाय घातल्यागत वाटतंय."

शेखलालनं पट्टी सोलून काढली. खाली ते दोन खड्डे होते. इतकी वर्षं माऊथपीस तोंडात होता, पण वरून त्यानं ते नीट कधी पाहिले नव्हते. वाजवणारा माऊथपीसकडं बघत नाही.

खिळा

डॉक्टर होनपांनी तोंडात आरसा घातला, काढला, चष्मा वर ढकलला.

"काय चावलंत?"

"ऊस."

"हं."

एवढंच. मग त्यांनी सुईनं मूळ चाचपलं. शेखलाल दचकायची वाट बघत होता, पण त्या मुळात दचकायला काही उरलं नव्हतं.

"मूळ शाबूत आहे. यात धातूचा खिळा बसवतो. अर्धा मुळात, अर्धा बाहेर. बाहेरच्या अर्ध्यावर टोपी. ती मसाल्याची असते, पुण्याहून बनवून आणावी लागते, पुढच्या खेपेला बसवू."

"वाजवता येईल?"

"दात टेकवता येईल. वाजवणं तुमचं."

त्यांनी गरम पाण्यात मऊ केलेला लगदा दातांवर दाबून साचा घेतला. साचा उलटा करून पाहिला. डाव्या दाताची जागा होती, उजव्याच्या जागी नुसतं सपाट.

"आधीचा दात कसा होता? मी सगळं काम मागच्या बाजूनं केलं, आरशात. मागचं भोक आठवतंय, पुढची कड आठवत नाही. तुकडा आणलाय?"

"घावला न्हाई."

"मग सांगा. लांबीला केवढा? सरळ होता की काही तिरपा, वळलेला?"

समोर भिंतीवर आरसा होता. शेखलालनं त्यात पाहिलं. डावा दात सरळ, पांढरा, भरदार. शेजारी काळं भोक. खुर्चीत बसून वर बघणारा तो माणूस तिरप्या नव्हता. कुणीच नव्हता. काहीही होऊ शकत होता.

"सरळ व्हता," तो म्हणाला. "ह्याच्यासारकाच. जोडीचा."

"नक्की?"

"व्हय."

डॉक्टरांनी डाव्या दाताचं माप घेतलं.

पांढरा

पुढच्या खेपेला खिळा बसला, त्यावर टोपी बसली, डॉक्टरांनी अंगठ्यानं दाबून धरली, लुकण आळेपर्यंत. मग आरसा दिला.

दात सुंदर होता. रंग जुळला होता, लांबी जुळली होती. दोन दात शेजारी शेजारी, भावांसारखे.

परतीच्या एस. टी.त केडगावला एक बाई चढली, तिच्या पाटीतली कोंबडी निसटून कंडक्टरच्या पायात घुटमळली, आणि शेखलाल हसला. हात गुडघ्यावरच राहिला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग न्हावऱ्यापर्यंत तो काहीही बघून हसत होता.

अमीरबी दारात उभी राहिली, त्याच्याकडं पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कोन पायजे?"

"आगं मी."

"आमच्यातलं बाहेरगावी गेल्यात," ती म्हणाली. "दौंडाला. ते आलं की या."

जेवताना ती दोनदा त्याच्या तोंडाकडं बघून हसली. त्या दिवशी घरात बरं चाललं होतं. मग त्यानं क्लॅरोनेट जोडलं.

किर्र.

पत्ती बदलली. किर्र. दुसरी पत्ती, ओली करून, खालचा ओठ जरा आत. आता सूर आला, पण खालून वर चढत आला आणि मध्येच फाटला. नवा दात माऊथपीसवर आधी टेके, डावा मागं राही. माऊथपीस डावीकडं कले. पूर्वी रिकाम्या जागेमुळं उजवीकडं कलंडे, आता भरलेल्या जागेमुळं डावीकडं. जोर लावला तर दात खड्ड्याच्या काठावरून घसरे आणि पत्ती ओठातून निसटे.

घसरत्यात, मच्छिंद्र म्हणाला होता. दुसऱ्याच्या वहाणेत पाय घातल्यागत.

चारसहा दिवस त्यानं घोटलं. पेठेतल्या पोरांनी किर्रऽऽ करून त्याच्यामागं पळायला सुरुवात केली. लालमहंमदचाचा एका सकाळी आले, बसले, ऐकलं.

"दात झ्याक हाय," ते म्हणाले. "खुळखुळा वाजवताना लई शोभंल."

ते गेल्यावर अमीरबीनं चूल फुंकता फुंकता विचारलं, "डाक्टरनं आसा कसा केला? त्याला सांगितलं न्हाई का, कसा व्हता त्यो?"

शेखलाल पत्ती पुसत राहिला.

"सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं."

"काय?"

"सरळ व्हता म्हनलं."

फुंकणी थांबली. धूर वर आला आणि तिचे डोळे चुरचुरले, ते तिनं पदरानं पुसले.

"लगीन झाल्यापासनं रोज बघितला म्या त्यो दात," ती म्हणाली. "खोटं बोलायला माणसाला पोलीस लागतो, मामलेदार लागतो. तुमाला दाताचा डाक्टर लागला."

"लोक तिरप्या म्हन्त्यात."

"मला कवा ऐकलं म्हनताना?"

त्याला आठवेना. तिनं कधी म्हटलं नव्हतं.

"जावा," ती म्हणाली. "आन् ह्ये संगं न्या." तिनं क्लॅरोनेटकडं बोट केलं. "नुस्तं तोंड घिऊन गेलासा म्हनून झालं ह्ये."

हौशीरामच्या पोरीच्या लग्नाआधी डॉक्टर दौंडला येणार होते ते एकदाच. हळदीच्या दिवशी.

मेण

खोलीबाहेर बाकावर माणसं बसली होती. एकाचा गाल बांधलेला. शेखलाल आत गेला, खुर्चीत न बसता उभा राहिला.

"डाक्टर, मी खोटं बोललो. दात सरळ नव्हता. ह्याच्यापेक्षा आखूड व्हता, आन् खाली तिरपा."

होनपांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती आखूड? कुठल्या बाजूला तिरपा?"

"आता ते कसं सांगू? जिभेला म्हाईत हाय. मला बोटानं दाखवता येत न्हाई."

"हातात काय आहे?"

"क्लॅरोनेट."

"वाजवा."

शेखलालनं जोडून वाजवलं. बाहेरचा गाल बांधलेला माणूस आत डोकावला. त्याला वाटलं यंत्र सुरू झालं.

"मला सुरातलं काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हे वाईट आहे एवढं कळलं. द्या इकडं."

त्यांनी माऊथपीस काढून घेतला, स्पिरिटनं पुसला, खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला. मग पाठीवर नखानं चाचपलं. टेबलावरचं भिंग घेतलं.

"हे खड्डे कशाचे?"

"दातांचं. वाजवून वाजवून पडत्यात."

"तुमचेच? दुसऱ्या कुणाचे नाहीत?"

"इस वरसं ह्ये माज्याच तोंडात हाय. मच्छिंद्रनं दोन लग्नं वाजवलं, पन पट्टी लावून."

डॉक्टरांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, गुलाबी मेणाचा तुकडा ज्योतीवर धरला, मऊ झाल्यावर त्या दोन खड्ड्यांवर दाबला. थंड पाण्यात बुडवला. मेण हळूच सोलून काढलं आणि उलटं करून शेखलालसमोर धरलं.

मेणावर दोन उंचवटे आले होते. डावा सरळ, जाड. उजवा बारीक, एका बाजूनं खाली उतरत गेलेला.

शेखलालच्या तोंडात जीभ आपोआप वर गेली आणि नव्या दाताच्या सरळ कडेवर थांबली.

"ह्योच," तो म्हणाला.

"ही कड तुमच्या जुन्या दाताची. राहूच्या गुऱ्हाळात शोधत होतात ती." डॉक्टरांनी मेण त्याच्या ओठाशी धरून पाहिलं, मान तिरकी केली. "बराच फरक आहे. आता ऐका. मला हा दात घासावा लागेल. आत खिळा आहे. जास्त घासला गेला तर खिळा उघडा पडेल, मग टोपी नवी, पुन्हा पुणे, पुन्हा आठवडा. तुमचं वाजवणं कधी आहे?"

"उद्या. दिस मावळायला."

"हं. आणि दुसरं. घासलेलं परत लावता येत नाही. आत्ता दात चांगला दिसतोय. असा पुन्हा दिसणार नाही."

त्यांनी आरसा पुढं केला.

शेखलालनं तो घेतला. ओठ वर केला. दोन्ही दात भरदार, पांढरे, जोडीचे. एस. टी.तली कोंबडी आठवली. त्यानं एकदा हसून पाहिलं, हात खाली ठेवून, आरशातल्या माणसाकडं. मग आरसा परत दिला आणि खुर्चीत बसला.

"घासा."

पायटा हलायला लागला. दोरी फिरली, दगडाचं चाक दाताला लागलं. दुखणं नव्हतं, नुसती कवटीत घरघर. भुकटी जिभेवर पडली, खडूसारखी. डॉक्टर थोडं घासत, मेणाकडं बघत, पुन्हा थोडं. मग माऊथपीसच्या पाठीवर निळा कागद ठेवून म्हणत, "धरा." शेखलाल धरी. कागदाचा निळा डाग दातावर उठे, जिथं जास्त टेकत असेल तिथं. तेवढाच डाग घासायचा. पुन्हा कागद.

"वाजवा."

किर्र, पण आधीपेक्षा खालचा.

"काय म्हणतंय?"

"आजून बाहेरच्या कडंला उचलतंय."

"मेणही तेच म्हणतंय."

घासलं. कागद. घासलं. मालगाडीनं डब्यांना धडक दिली आणि खोली हादरली. डॉक्टरांनी पाय उचलला, खिडकीबाहेर पाहिलं. त्या वेळी चाक दातावर असतं तर खिळा दिसला असता, हे दोघांनाही माहीत होतं. हादरा गेला. पाय पुन्हा पायट्यावर.

"आता मला पुढं जायची भीती वाटतेय," होनप म्हणाले. "वाजवून बघा. नाही जमलं तर खिळ्यापर्यंत जाऊ."

शेखलालनं माऊथपीस ओठात घेतला. वरचे दात टेकवायच्या आधीच त्याला कळलं. दात खड्ड्यात गेले. घसरले नाहीत, शोधत बसले नाहीत, गेले. आखूड कड आखूड जागेत, तिरपी कड तिरप्या जागेत.

त्यानं सूर धरला. बाकावरची माणसं बोलत होती ती थांबली. औषधाच्या दुकानातला माणूस पुड्या बांधताना थांबला. सूर तसाच होता, ना वर ना खाली. डॉक्टर मेणाचा तुकडा हातात घेऊन उभे होते. शेवटी त्यांनीच हात वर केला.

"पुरे. बाहेर एकाचा दात सुजलाय."

"जमलं, डाक्टर."

"मसाला मऊ असतो. माऊथपीस त्याला खात जाईल. वर्षातून एकदा दाखवायला या." ते जरा थांबले. "दुखत नसलं तरी."

दात

शिरूरच्या वेशीबाहेर, नदीच्या अंगाला, दिवस मावळायला दोन्ही बँड समोरासमोर उभे राहिले. नगरकडच्या क्लॅरोनेटवाल्याची छाती खरंच मोठी होती. खाकी डगल्याला पितळी गुंड्या. त्यानं शेखलालकडं पाहून मान लववली, शेखलालनंही.

ढोल थांबले. भिमाजीनं झांजा छातीशी धरल्या. लालमहंमदचाचांच्या डगल्याच्या खिशातून खुळखुळ्याचा दांडा बाहेर दिसत होता. आणला होता त्यांनी.

दोघांनी सूर धरला.

सुरुवातीला दोन सूर ऐकू येत होते. मग एक झाला. वऱ्हाडातली माणसं, गावातली माणसं, बैल, सगळे त्या एका सुरात उभे. शेखलालला आपला जबडा, दात, माऊथपीस वेगवेगळे लागत नव्हते. एका ठिकाणी त्याला वाटलं की मसाल्याची कड किंचित दबतेय. त्यानं जोर जरा डाव्या दातावर नेला, तो तिथं होताच, भावासारखा, आणि परत आणला.

पलटणीतल्या माणसाचा चेहरा लाल झाला, मग काळसर. त्याचा सूर तुटला तेव्हा आवाज झाला नाही, नुसता दोनाचा एक राहिला. शेखलालनं तो आणखी थोडा धरला, मग सोडला.

नगरकडचा बँड बाजूला सरला. चाचांनी खिशातला खुळखुळा आत ढकलला.

"चला," ते म्हणाले. "फुडं."

हौशीरामची आई रंगुबाई भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन उभी होती. तिला कमी दिसायचं. तिनं मान पुढं काढून शेखलालच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"तिरप्या न्हवं का तू?"

"व्हय, आजी."

"मग लोक काय म्हनत व्हते? पुन्याचा नवा दात बसिवला म्हनं."

"ह्योच त्यो नवा," चाचा मागून म्हणाले.

रंगुबाईनं आणखी जवळ येऊन पाहिलं. "ह्यो?" ती म्हणाली. "आन् पुन्याहून आनला? आरं, आसा तर तुज्याकडं घरचाच व्हता की."

भिमाजी आधी फुटला. मग मच्छिंद्र, मग सगळा बँड, मग नगरकडचाही. शेखलालचे दोन्ही हात क्लॅरोनेटवर होते, चाल उचलायची होती, तोंड झाकायला एकही मोकळा नव्हता. तो तसाच हसला. हसू ओसरेपर्यंत थांबला, दात खड्ड्यात बसवले, आणि चाल उचलली.